कानातला हट्टी मळ घरच्या घरी कसा काढावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रवणचाचण्या करणं आणि श्रवणयंत्रं बसवणं हे माझं रोजचं काम. त्यासाठी प्रत्येकाच्या कानात आधी ओटोस्कोपने, म्हणजे कान तपासायच्या दिवा लावलेल्या भिंगाने, डोकवावं लागतं, आणि पडद्याच्या जागी मळाची भिंत दिसणं हा नित्याचा प्रकार आहे. मग प्रश्न सुरू होतात: तेल घालू का, पाणी मारू का, इअरबड चालेल का. मेसेजमधूनही हेच विचारलं जातं. ते सगळे प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ७ वाचा आणि मगच प्रश्न ५. उलटं करू नका.

१. कानात मळ होतोच कशाला? माझे कान अस्वच्छ आहेत का?

नाहीत. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात मेणचट आणि तेलकट स्राव करणाऱ्या ग्रंथी असतात. या स्रावात गळालेली त्वचा, बारीक केस आणि धूळ मिसळली की झाला मळ. त्यात मोठा वाटा गळालेल्या त्वचेचाच असतो. मळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे जंतू आणि बुरशी यांना तिथे मुक्काम ठोकणं जड जातं. त्वचेवर पाणी मुरत नाही, आणि एखादं चिलट शिरलंच तर ते मळाला चिकटून बसतं. इतकी कामं करणाऱ्या गोष्टीला आपण ‘मळ’ म्हणतो, हा थोडा अन्यायच आहे.

२. मग आठवड्यातून किती वेळा कान साफ करायचे?

आतून एकदाही नाही. पडद्यावरची त्वचा मध्यापासून कडेकडे आणि तिथून नळीतून बाहेर अशी सतत सरकत असते, साधारण नख वाढतं त्या वेगाने. तिच्यासोबत मळही बाहेर येतो. बोलताना, चावताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. कानाच्या तोंडाशी आलेला मळ ओल्या फडक्याने पुसून घेतला की पुरे. आत मळ आहे, पण ऐकू नीट येतंय, दुखत नाही, गच्च वाटत नाही, तर त्याला हात लावायची गरज नसते. स्वतःचा त्रास सांगू न शकणाऱ्यांचं वेगळं. त्यासाठी प्रश्न १५ आणि १६ पहा.

३. कानात मळच अडकलाय हे घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, कारण स्वतःच्या कानात कुणालाच डोकावता येत नाही. अंदाज बांधता येतो. कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, एका बाजूने कमी ऐकू येतं, कधी गुंई असा बारीक आवाज येत राहतो. काहींना नुसता कोरडा खोकला येतो. कानाच्या नळीत व्हेगस या मज्जातंतूची एक फांदी येते, तिला मळ टोचला की घशात खवखवतं. खोकल्याची औषधं घेऊन थकलेल्या माणसाचा खोकला कान साफ केल्यावर थांबला, असं क्वचित का होईना, पण घडतं.

सगळ्यात ओळखीची कहाणी अशी: काल रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं, सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं आणि कान पटकन बंद झाला. मळ एका दिवसात साचलेला नसतो. नळीत बारीक फट शिल्लक असली तरी आवाज पडद्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे महिनोन् महिने काही कळत नाही. पाण्याने मळ फुगतो, ती शेवटची फट बुजते, आणि माणसाला वाटतं, कानात पाणी अडकलं. मात्र पाण्याचा काही संबंध नसताना कान अचानक बंद झाला असेल तर हा अंदाज लावत बसू नका, थेट प्रश्न २० वर जा.

सर्दीनेही असेच दडे बसतात. नाक चोंदलेलं असेल तर आधी सर्दी ओसरू द्या.

४. इअरबडला तर मळ लागून येतो. मग तो वापरू नका असं का सांगता?

लागून येतो तो थोडासा. बाकीचा पुढे ढकलला जातो. काडीच्या टोकावरचा कापूस नळीच्या जवळपास अख्ख्या रुंदीचा असतो, त्यामुळे काडी आत जाते तेव्हा तोफेत दारू ठासावी तसा मळ ठासला जातो. बाहेर मळ तयार करणाऱ्या ग्रंथी, आत त्या नसलेला हाडाचा भाग. त्या आतल्या भागातली त्वचा कागदासारखी पातळ असते आणि थेट हाडाला चिकटलेली असते. मळ तिथे आपोआप जात नाही, आपण नेऊन ठेवतो. ओटोस्कोपमधून हे लगेच ओळखू येतं: पडद्यासमोर बुचासारखा गोल गठ्ठा, आणि त्याच्या पुढच्या बाजूला कापसाच्या टोकाचा खोलगट ठसा.

हेअरपिन, किल्ली, काडेपेटीची काडी, पेनाचं टोपण यांचं तर नावच नको. मी स्वतः शिकत असताना परीक्षेच्या आदल्या रात्री हेअरपिनची मागची बाजू कानात घातली होती. खरचटलं तेव्हा काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ठणका लागला आणि पुढचे चार दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही. कानाची रचना पाठ करून बसलेल्या मुलीने केलेला हा उद्योग.

५. घरी मळ काढायची सगळ्यात सुरक्षित पद्धत नीट सांगा.

मऊ करा आणि वाट पहा. पद्धत एवढीच आहे, आणि यातला दुसरा अर्धा भागच लोकांना जमत नाही.

प्रश्न ७ मधली कुठलीही गोष्ट तुम्हाला लागू नाही याची खात्री करून घ्या. थेंबांची बाटली पाच मिनिटं मुठीत धरा म्हणजे थेंब अंगाच्या तापमानाला येतील. गरम करू नका, आणि फ्रीजमधून काढून तसेच घालू नका. बंद कान वर येईल असं कुशीवर झोपा. मोठ्या माणसाच्या कानाची नळी वाकडी असते. कानाचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढला की ती बरीचशी सरळ होते. ड्रॉपरचं टोक कानाला न टेकवता तीन-चार थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळू द्या. मधोमध टाकले तर खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि थेंब वरच तरंगत राहतात. मग कानाच्या तोंडापुढचा जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने पाच-सहा वेळा हळू दाबा. आत ‘चुळुक’ असा आवाज आला की थेंब खाली उतरले असं समजा.

पाच ते दहा मिनिटं तसेच पडून राहा. उठताना कानाशी टिश्यू धरा आणि जे बाहेर येईल ते टिपून घ्या. कापसाचा बोळा आत खुपसू नका, घातलेलं सगळं तोच पिऊन टाकतो. दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस हे करायचं.

मळाचा खडा एके दिवशी टपकन हातात पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. बऱ्याचदा तो विरघळून थोडा थोडा तपकिरी ओल होऊन उशीच्या अभ्र्यावर येतो, तेव्हा रात्री उशीवर जुना टॉवेल घाला. काहींच्या बाबतीत तर काहीच बाहेर आलेलं दिसत नाही, आणि चौथ्या दिवशी कान आपोआप हलका होतो.

६. कोणते थेंब घालू? ऑलिव्ह तेल, ग्लिसरीन, सोडा, की दुकानात मिळणारे मळाचे थेंब?

यावर लोक हिरिरीने भांडतात. मळ मऊ करणाऱ्या थेंबांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने) २०१८ साली आढावा घेतला. एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. साधं पाणी किंवा सलाइन यांच्यापेक्षा औषधी थेंब चांगले, हेही ठामपणे सांगता आलं नाही. पण काहीच न घालण्यापेक्षा काहीतरी घालणं बरं: त्यातल्या एका चाचणीत पाच दिवस थेंब घातलेल्या कानांपैकी २२ टक्के पूर्ण मोकळे झाले, काहीच न घातलेल्यांपैकी ५ टक्के. हा २२ चा आकडा नीट वाचा. नुसत्या थेंबांनी दर पाचांपैकी साधारण एकच कान पूर्ण साफ होतो. बाकीच्यांचा मळ मऊ पडतो आणि पुढचं काम सोपं होतं.

तेव्हा निवड परिणामापेक्षा त्वचेला काय मानवतं यावर करा. ऑलिव्ह तेल किंवा लिक्विड पॅराफिन सौम्य आहे आणि कोरड्या त्वचेला बरं. बदामाचं तेलही चालतं, पण घरात कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर नको. सोडियम बायकार्बोनेटचे ५ टक्क्यांचे तयार थेंब कडक मळ चांगला भिजवतात, मात्र त्वचा कोरडी करतात. ते तयारच घ्या, चमचाभर सोडा पाण्यात ढवळून अंदाजपंचे करू नका. ग्लिसरीन चिकट असतं आणि हळू उतरतं, एवढंच.

पेरॉक्साइडच्या थेंबांनी कानात फसफस होते. त्या आवाजाने लोक खूश होतात, पण बुडबुडे मळ नसतानाही येतात. कार्बामाइड पेरॉक्साइडचे ६.५ टक्क्यांचे थेंब चार दिवसांहून जास्त वापरू नयेत. जखमेसाठीचं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचंच असेल तर निम्मं पाणी घालून. त्याहून तीव्र, केस ब्लीच करायचं वगैरे, कानात कधीही नाही. चुरचुरलं, आग झाली, की कुठलेही थेंब बंद करा.

७. घरी कानात काहीच घालू नये, असं कुणासाठी आहे?

पडद्याला भोक आहे किंवा पूर्वी कधी पडलं होतं, कान वाहतो किंवा लहानपणी वाहायचा, पडद्यात ग्रोमेट (बारीक नळी) बसवलंय, कानाचं ऑपरेशन झालंय, कान आत्ता दुखतोय किंवा सुजलाय, ताप आहे, गरगरतंय: यातलं एकही असेल तर थेंब नाहीत आणि पाणी तर नाहीच. आधी तपासून घ्या. थेंब घातल्यावर त्यांची चव घशात आली तर पडद्यात भोक आहे असं समजून थांबा, कारण धड पडद्यातून थेंब घशापर्यंत जाऊ शकत नाहीत.

मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी पाणी मारू नये. त्यांच्या कानाला साधं खरचटलं तरी संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पसरू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कोरणं अजिबात नको. आणि एकाच कानाने ऐकू येत असेल तर त्या चांगल्या कानावर घरी कुठलाही प्रयोग करू नका. बाकी सगळे नियम एखाद्या वेळी विसरलात तरी हा विसरू नका.

८. थेंब घातल्यावर कान आणखीनच बंद झाला! बिघडलं का काही?

बहुतेक नाही. मळ भिजून फुगला आणि उरलीसुरली फट बुजली, इतकंच. पहिले दोन-तीन दिवस असं होणं अपेक्षित असतं, आणि नेमकं याच वेळी लोक घाबरून काडी घालतात. दोन्ही कानांत मळ असेल तर एका वेळी एकाच कानाचं बघा, म्हणजे मधल्या दिवसांत फोन तरी घेता येईल. ठणका लागला, पाणी वाहू लागलं किंवा चक्कर आली तर मात्र थेंब थांबवून कान दाखवा.

९. रबरी पिचकारीने घरी पाणी मारलं तर चालतं का?

प्रश्न ७ मधलं काहीही लागू नसेल, तीन ते पाच दिवस मळ भिजवून झाला असेल आणि हात हलका असेल, तर चालतं. न भिजवता कोरड्या खड्यावर पाणी मारणं म्हणजे नुसतं दुखणं ओढवून घेणं.

रबरी फुग्याची पिचकारी घ्या. सुईच्या इंजेक्शनची सिरिंज नको, तिचा झोत बारीक आणि जोरकस येतो. दात धुवायचं पाण्याचं यंत्रही नको, त्याच्या दाबाने पडदा फाटू शकतो. पाणी उकळून गार केलेलं आणि ३७ अंशांच्या आसपास. मनगटावर टाकलं तर गार-गरम काहीच वाटू नये. बेसिनवर वाका, कान वर-मागे ओढा, टोक नळीच्या तोंडाशीच ठेवा आणि झोत मागच्या-वरच्या भिंतीकडे वळवा. पाण्याने मळाच्या मागे शिरून त्याला बाहेर आणायचं असतं. टोकाने नळी बंद झाली तर पाण्याला परतीची वाट राहत नाही आणि सगळा दाब पडद्यावर जातो.

दोन-तीनदा हळू दाबून काही आलं नाही तर पंधरा मिनिटं कानात नुसतं कोमट पाणी राहू द्या आणि एकदा पुन्हा बघा. मग थांबा. दुखलं तर त्याच क्षणी थांबा. शेवटी डोकं कलवून पाणी काढा आणि बाहेरून टॉवेलने टिपा. हेअर ड्रायर वापरणार असाल तर सगळ्यात कमी उष्णतेवर, हातभर लांबून.

१०. कानात पाणी मारताना सगळं घर गोल फिरायला लागलं. हे काय होतं?

पाणी गार होतं, नाहीतर जास्त गरम. तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात, नळीपासून अगदी जवळ असतो. गार-गरम पाण्याने त्यातला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान धूत असताना हीच तक्रार ऐकून विचारात पडले होते. त्यातून त्यांनी तोलाच्या अवयवाची तपासणी शोधली, आणि त्या कामाला १९१४ सालचं नोबेल मिळालं. तुम्हाला नोबेल नको असेल तर पाणी कोमट घ्या. एका जागी बसा, नजर स्थिर वस्तूवर ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. ओसरलं नाही, किंवा त्यासोबत जोरात दुखलं, तर पडद्याला इजा झाली असू शकते. लगेच दाखवा.

११. पाच दिवस झाले, मळ ढिम्म हलत नाही. आता?

पाचाचे सात दिवस करायला हरकत नाही, तेल असेल तर दहाही चालतील. त्यापुढे घरचे उपाय लांबवू नका. हट्टी मळामागे बहुधा काहीतरी कारण असतं: नळी जन्मतःच अरुंद असते, वर्षानुवर्षं इअरबडने ठासलेला गठ्ठा असतो, किंवा थंड पाण्यात खूप पोहणाऱ्यांच्या नळीत हाडाचे उंचवटे आलेले असतात. काहींच्या कानात मेणापेक्षा त्वचेच्याच पापुद्र्यांचा घट्ट गोळा जमतो आणि तो थेंबांना दाद देत नाही. आणि कधीकधी तिथे मळ नसतोच. डॉक्टर काय करतात ते प्रश्न २२ मध्ये.

१२. कॅमेरा लावलेली कानकोरणी मिळते, मोबाइलवर सगळं दिसतं. ती तरी सुरक्षित असेल ना?

बघायला हरकत नाही, कोरायला आहे. मोबाइलवरचं चित्र सपाट असतं. खडा आणि कानाचा पडदा यांत किती अंतर आहे ते त्यात कळत नाही, आणि हात उजवीकडे नेला की चित्र भलतीकडेच सरकतं. त्यातच कुणी मागून हाक मारली, मुलाने कोपराला धक्का दिला, की झालं. वर स्वच्छ, निरोगी कानातला थोडासा मळही मोबाइलवर डोंगराएवढा दिसतो आणि नसलेला रोग मागे लागतो.

१३. कानात लावायच्या मेणबत्तीने मळ ओढला जातो म्हणतात. जळून झाल्यावर आत पिवळा भुगा दिसतो, तो मळच असतो ना?

मेणबत्तीचंच मेण असतं ते. कानाला न लावता नुसती जाळली तरी तोच भुगा सापडतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाब मोजून पाहिला, तर अशी मेणबत्ती कसलीही ओढ निर्माण करत नाही असं दिसलं. मळ निघाला नाहीच. काही कानांत उलट मेण सांडलं. त्याच अभ्यासात कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारलं तेव्हा भाजण्याच्या, मेण अडकण्याच्या आणि पडदा फाटण्याच्या २१ घटना समोर आल्या. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१० मध्ये याविरुद्ध इशारा दिला आहे.

१४. दिवसभर इअरफोन घालतो. त्याने मळ वाढतो का?

तयार होणं वाढतं असं नाही, पण बाहेर यायची वाट अडते आणि थोडा मळ मागे ढकलला जातो. कानात बसणाऱ्याऐवजी कानावर बसणारा हेडफोन बरा. इअरफोनची रबरी टोपी मात्र काढून पुसत जा.

१५. दोन वर्षांच्या मुलाच्या कानात पिवळं काहीतरी दिसतंय. तेल घालू?

मूल हाकेला वळतंय, कान ओढत नाही, रडत नाही, तर दिसतंय ते तसंच राहू द्या. आंघोळीनंतर बाहेरचा कान पुसा. मुलांच्या कानात इअरबड फिरवणं हे मोठ्यांचं समाधान आहे, मुलाला त्याचा उपयोग शून्य. डॉक्टरांनी थेंब सांगितले असतील तर एक फरक लक्षात ठेवा: तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा कान खाली आणि मागे ओढायचा, मोठ्यांसारखा वर नाही. पाण्याची पिचकारी मुलांवर घरी वापरू नका, ऐनवेळी डोकं हलतंच. बोलणं उशिरा येतंय किंवा हाकेकडे लक्ष नाही असं वाटलं तर मळावर खापर न फोडता ऐकण्याची चाचणी करून घ्या.

१६. वडील श्रवणयंत्र वापरतात. हल्ली ते शिट्टी मारतं आणि त्यांना कमी ऐकू येतं. यंत्र बिघडलंय का?

आधी कान बघा, मग यंत्र. मळावर आपटून आवाज परत फिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. दुरुस्तीला म्हणून आलेल्या कित्येक यंत्रांना मी फक्त नवी जाळी बसवून परत पाठवते. आवाज बाहेर येतो त्या टोकाशी ती इवलीशी पांढरी जाळी मळाने लिंपलेली असते. जाळी महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची असते हे कुणी सांगितलेलंच नसतं.

वयाबरोबर मळ कोरडा होतो आणि कानातले केस राठ होतात, त्यामुळे तो बाहेर सरकत नाही. त्यात यंत्राचं बूच दिवसभर वाटेत. अशांनी तीन-सहा महिन्यांनी कान दाखवावेत. थेंब रात्री, यंत्र काढल्यावरच घाला, आणि सकाळी कान बाहेरून पुसून मगच यंत्र लावा. विस्मरण असलेली म्हातारी माणसं कान बंद झाल्याचं सांगत नाहीत, ती गप्प गप्प राहू लागतात. घरच्यांना वाटतं, आजार वाढला.

१७. माझ्या कानातून कोरडा कोंडा निघतो, बायकोच्या कानातला मळ चिकट असतो. कुणाचं बरोबर?

दोघांचंही. एबीसीसी११ नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने मळ ओला की कोरडा ते ठरतं, हे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवलं. पूर्व आशियात बहुतेकांचा मळ कोरडा, आफ्रिका आणि युरोपात बहुतेकांचा ओला. हेच जनुक काखेतल्या घामाच्या वासाशीही जोडलेलं आहे. कोरड्या मळाला तेल आधी नीट मुरू द्यावं लागतं.

१८. मळ काळा पडलाय, वासही येतो. काळजीचं आहे का?

काळेपणाचं काही नाही. ताजा मळ पिवळसर, जुना होत जातो तसा तपकिरी आणि मग काळा. वास मात्र दुर्लक्षू नका. घाण वास, पू, हिरवट पाणी किंवा रक्त, यातलं काही दिसलं तर थेंब बंद. सतत वास मारणारा, थोडा थोडा वाहणारा, हळूहळू कमी ऐकणारा कान महिनोन् महिने ‘मळ असेल’ म्हणून सोडून दिला जातो, आणि आत पडद्यामागे हाड कुरतडणारी गाठ वाढत असते. रक्ताचा एखादा ठिपका बहुतेक वेळा खरचटल्याचा असतो, तरीही बरं होईपर्यंत कान कोरडा ठेवा.

१९. मळ फार नाही, पण खाज सहन होत नाही. काय घालू?

खाज हे बऱ्याचदा मळ कमी असल्याचं लक्षण असतं. रोज कोरून संरक्षक थर निघून गेला की त्वचा कोरडी पडते, कोरडी त्वचा खाजते, खाजली की आपण पुन्हा कोरतो. ऑलिव्ह तेलाचे एक-दोन थेंब रात्री घालून आठवडाभर कोरणं सोडून पहा. थांबली नाही तर बुरशीची शंका घ्यावी लागते. बुरशी भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखी दिसते, कधी त्यावर काळे ठिपके असतात, आणि घरचे लोक तिला मळच समजतात. तिला वेगळं औषध लागतं, आणि कान ओला करणं तर तिच्या पथ्यावरच पडतं. इसब आणि सोरायसिस कानातही होतात.

२०. सकाळी उठलो तर एका कानाने ऐकूच येत नाही. मळच असेल, चार दिवस तेल घालून बघू?

नका बघू. या पानावरचं हे उत्तर घाईचं आहे. आतल्या कानाची किंवा नसेची ऐकण्याची ताकद अचानक जाऊ शकते. तिथेही कान नुसता गच्च झाल्यासारखा वाटतो, दुखत नाही, आणि माणूस मळ समजून थांबतो. यावर स्टिरॉइड देतात, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितका फायदा. दोन आठवडे उलटले की हाती फारसं काही उरत नाही.

एक छोटी खूण सांगते. तोंड मिटून ‘ऊंऽऽ’ असा हुंकार धरा. आवाज बंद कानात मोठा वाटला तर अडथळा मळासारखा, वाटेतला असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेकडे संशय जातो, आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. ही खूण चुकूही शकते, म्हणून हुंकार ‘बरोबर’ आला तरी एक-दोन दिवसांत कान दाखवाच. सोबत चक्कर, चेहरा वाकडा होणं किंवा बोलणं अडखळणं असेल तर सरळ इस्पितळ.

२१. कानात किडा गेला किंवा मुलाने काही घातलं, तर याच पद्धतीने निघेल का?

वळवळणारा किडा असेल आणि पडदा धड असेल तर तेलाचे थेंब घाला. तो मरतो आणि वळवळ थांबते. मग तो डॉक्टरांकडून काढून घ्या. मणी किंवा बी असेल तर काहीही घालू नका. बी पाण्याने फुगते आणि घट्ट रुतते. घड्याळाचा किंवा खेळण्याचा चपटा सेल असेल तर एक थेंबही नाही. ओलाव्याने तो दोन-तीन तासांत त्वचा जाळतो. रात्र असली तरी निघा.

२२. डॉक्टर नेमकं काय करतात? दुखतं का?

सूक्ष्मदर्शकाखाली बघत बारीक नळीने मळ ओढून घेतात, नाहीतर बोथट वळणदार हत्याराने काढतात, किंवा कोमट पाण्याने धुतात. ओढून घेताना दुखण्यापेक्षा आवाजाचाच त्रास जास्त, कानापाशी कुणी मोठ्याने स्ट्रॉ ओढत असल्यासारखा. आधी दोन-तीन दिवस तेल घालून गेलात तर काम पाच मिनिटांत उरकतं. पडदा फाटला होता, ऑपरेशन झालंय, मधुमेह आहे, हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा.

२३. दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. कायमचा उपाय नाही का?

कायमचा नाही. ज्यांच्या कानात मळ वारंवार साचतो त्यांनी आठवड्यातून एकदा तेलाचे दोन थेंब घातले तर तो कडक होत नाही, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. अटी प्रश्न ७ च्याच. इअरबड घरातून हद्दपार करा. डबा समोर असला की हात जातोच.

२४. काल कान साफ झाला आणि आज सगळे आवाज कर्कश वाटतायत. पडद्याला काही झालं का?

नाही, तुम्ही आवाज विसरला होतात. मेंदूने इतके दिवस त्या बाजूचा आवाज वाढवून घेतलेला असतो, आणि अडथळा गेल्यावर त्याला कमी करायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायला होतं, आणि पंख्याला आवाज आहे हे नव्याने कळतं.